२०७० पर्यंतच्या सुट्ट्या आजच विकत घ्याव्यात का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी ३८ वर्षांची, मुलं ८ आणि ५ वर्षांची. गेल्या महिन्यात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डमध्ये असताना डिस्ने व्हेकेशन क्लबचं प्रेझेंटेशन ऐकलं. एकदा पॉइंट विकत घ्यायचे, मग दरवर्षी तेवढ्या पॉइंटांत त्यांच्या रिसॉर्टमध्ये खोली घेता येते. रिव्हिएरा रिसॉर्टचे १५० पॉइंट, पॉइंटला २३० डॉलर, एकूण ३४,५०० डॉलर. २० टक्के आत्ता, बाकीचे ११ टक्के व्याजाने दहा वर्षांच्या हप्त्यांत. मेंटेनन्स वेगळा, पॉइंटमागे वर्षाला सुमारे ९ डॉलर. गेल्या सहा वर्षांत आम्ही दोनदा ऑरलँडोला गेलो. पहिल्या खेपेला डिस्नेजवळच्या किसिमी गावात भाड्याचं घर घेतलं होतं. एक वर्षाआड डिसेंबरात पुण्याला जातो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. मी एच-फोर ईएडीवर, म्हणजे त्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करते. अडीअडचणीसाठी बँकेत १४ हजार डॉलर आहेत. नवरा म्हणतो ही सरळसरळ फसवणूक आहे. मला वाटतं, नाहीतरी हॉटेलांवर पैसे जातातच, मग स्वतःचं काहीतरी का नको? कोणाचं बरोबर?

उत्तर: आधी नवऱ्याच्या म्हणण्याकडे वळते, कारण ते लवकर निकालात निघतं. ही फसवणूक नाही. टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टातल्या दरवर्षीच्या मुक्कामाचा हक्क आगाऊ विकत घेणं, म्हटलं की आपल्या पिढीच्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. नव्वदच्या दशकात माझे काका दादरच्या एका हॉटेलात 'बक्षीस लागलंय' म्हणून चहापानाला गेले आणि सही करून परतले. पुढे कितीतरी वर्षं त्यांना मे महिन्यात खोली मिळाली नाही; मिळायची ती जुलैत, धो धो पावसात. फ्लोरिडातही असे टाइमशेअर पडून आहेत, जे मालक एका डॉलरला विकायला काढतात आणि तरी कोणी हात लावत नाही, कारण मेंटेनन्सचं लोढणं गळ्यात येतं. डिस्नेचं तसं नाही. १९९१ पासून हा क्लब चालू आहे, रिसॉर्ट नीट राखलेले असतात आणि पॉइंटना पुनर्विक्रीची खरीखुरी बाजारपेठ आहे, म्हणजे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळतं. शिवाय करार अनंतकाळाचा नाही, ही मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

पण तुमचं 'स्वतःचं काहीतरी' तिथेच अडतं. कागदावर डीड, म्हणजे खरेदीखत, असतं, फ्लोरिडाच्या कायद्याने ती स्थावर मालमत्ताही ठरते, पण खाली जमीन लीजची. रिव्हिएराचा करार जानेवारी २०७० मध्ये संपतो आणि सगळं डिस्नेकडे परत जातं. बोर्डवॉक, बीच क्लब या जुन्या रिसॉर्टांचे करार तर २०४२ च्या जानेवारीतच संपतात. म्हणजे तुम्ही घर घेत नाही आहात, ४४ वर्षांच्या सुट्ट्यांचं आगाऊ भाडं भरताय. २०७० मध्ये तुम्ही ८२ वर्षांच्या असाल आणि तुमचा थोरला ५२ चा. आगाऊ भाडं भरणं वाईट असतं असं नाही. मात्र भाव पटला पाहिजे आणि आपण खरंच तिथे जाणार आहोत का, हे ठाऊक पाहिजे.

प्रेझेंटेशनमध्ये तुम्हाला एक तक्ता दाखवला असेल. एका बाजूला पॉइंटचा खर्च, दुसऱ्या बाजूला त्याच खोलीचं हॉटेलचं छापील भाडं, वर ऑरेंज काउंटीचा १२.५ टक्के कर, आणि हे भाडं दरवर्षी वाढत जाणारं. त्या तक्त्यात तुमची बचत डोळे दिपवणारी दिसते. गंमत अशी की त्या छापील भाड्याने तुम्ही कधी राहणारच नव्हता. तुमच्या पत्रातली किसिमीच्या घराची ओळ मी दोनदा वाचली. तुलना करायची तर त्या घराशी करा, किंवा ज्या डिस्ने हॉटेलात तुम्ही स्वतःच्या खिशातून खरोखर पैसे भरले असते त्याच्याशी. जी साडी आपण घेणारच नव्हतो, तिच्यावर किती सूट मिळाली याला अर्थ नसतो.

आता हप्ता. ३४,५०० चे २० टक्के म्हणजे ६,९०० डॉलर आत्ताच जातील. ते कुठून? पत्रात दुसरी कुठली बचत दिसत नाही, म्हणजे त्या १४ हजारांतूनच. निम्मी गंगाजळी पहिल्याच दिवशी साफ. उरलेल्या २७,६०० वर ११ टक्क्यांनी महिन्याला ३८० डॉलर हप्ता बसतो आणि दहा वर्षांत साधारण १८,००० डॉलर नुसतं व्याज जातं. वर मेंटेनन्सचे वर्षाला १,३५०. दोन्ही मिळून महिन्याला जवळजवळ ४९० डॉलर, आणि यात पार्कचं एकही तिकीट आलेलं नाही, विमान नाही, जेवण नाही. दहा वर्षांच्या मुलाला डिस्ने मोठ्यांचंच तिकीट लावतं; तुमच्या थोरल्याला दोन वर्षांत ते लागू होईल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीही चार आण्याची नाही. ऋण काढून सण करू नये असं आपल्या आज्या सांगत आल्या. मी एरवी जुन्या म्हणींवर आर्थिक नियोजन करत नाही, पण ११ टक्के व्याजाने सुट्टी घेण्याबाबत माझं आणि आजीचं एकमत आहे.

समजा कर्ज नको, रोख पैसे आहेत असं धरू. ३४,५०० डॉलर ५ टक्के परताव्याने ४४ वर्षांवर पसरले तर वर्षाला साधारण १,९५० पडतात. त्यात मेंटेनन्स धरला की पहिल्या वर्षी ३,३०० च्या आसपास. मेंटेनन्स वाढत राहतो. दरसाल ४ टक्के धरला तर १८ वर्षांत दुप्पट. आता दुसरा रस्ता बघा. ज्यांच्याकडे पॉइंट आहेत पण या वर्षी जाणं जमत नाही, असे सभासद ते भाड्याने देतात, पॉइंटला ढोबळमानाने २० डॉलरच्या आसपास. म्हणजे तेच १५० पॉइंट, तीच खोली, ३,००० डॉलर किंवा थोडे वर. ज्या वर्षी जायचं त्याच वर्षी. न गेलात तर खर्च शून्य. भाडंही वाढत जाईल हे खरं, पण वाढत्या भाड्याला घाबरून ४४ वर्षांचं बांधून घ्यायचं तर फरक याहून बराच मोठा हवा. भाड्यात एक खोच आहे: आरक्षण मालकाच्या नावाने होतं आणि पैसे बहुधा परत मिळत नाहीत. तेव्हा मधला दलाल जुना आणि नावाजलेला बघा, आणि प्रवास विमा काढा.

पण आकड्यांपेक्षा मला तुमच्या कॅलेंडरची जास्त काळजी वाटते. एक वर्षाआड डिसेंबर पुण्याचा. चौघांची डिसेंबरातली तिकिटं काय भावाने मिळतात ते तुम्हाला मी सांगायला नको. आजी-आजोबांच्या वयाकडे पाहता ही वारी येत्या दहा वर्षांत कमी होणार नाही, वाढेल. मग डिस्नेला केव्हा जाणार? मुलं सरकारी शाळेत असतील तर उरते एप्रिलची सुट्टी, उन्हाळा, किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीचे ते दिवस, जेव्हा शिक्षकांच्या अधिवेशनामुळे न्यू जर्सीच्या शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असतात. त्या आठवड्याला डिस्नेच्या गोटात 'जर्सी वीक' असंच नाव आहे. मॅजिक किंग्डमच्या रांगेत एडिसनचा शेजारी भेटायचा तो याच आठवड्यात. पॉइंटवाल्यांना आपल्या रिसॉर्टमध्ये ११ महिने आधी आरक्षण करता येतं आणि दुसऱ्या रिसॉर्टमध्ये ७ महिने आधी. गर्दीच्या आठवड्यासाठी याचा अर्थ असा की आदल्या डिसेंबरातच खोली धरून ठेवायची. व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख कधी मिळेल आणि भारतातून परतणं कधी होईल हे ज्यांच्या हातात नसतं, त्यांना ११ महिने आधीची शिस्त जड जाते. पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येतात, पण तेही आपल्या पॉइंटांच्या वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांत, आणि एकदा ढकललेले पुन्हा ढकलता येत नाहीत. विसरलात तर गेले.

१५० पॉइंटमध्ये मिळतं काय, हेही नीट बघा. सामान्य हंगामात रिव्हिएरात स्टुडिओ खोली आठवडाभर, जवळपास. नाताळात तेवढ्यात आठवडा बसत नाही. स्टुडिओत छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो, चूल नसते. वरणभाताचा कुकर लावायचा तर वन-बेडरूम हवी आणि तिला जवळजवळ दुप्पट पॉइंट लागतात. पुण्याहून आई-बाबा आले आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं तर टू-बेडरूम, म्हणजे तुमचे दोन-तीन वर्षांचे पॉइंट एका खेपेत. तरी १५० हा आकडा पुढे का केला? कारण क्लबच्या सभासदांना असलेल्या सवलती मिळवायला सध्या थेट डिस्नेकडून किमान १५० पॉइंट घ्यावे लागतात. तुमच्या गरजेतून आलेला तो आकडा नाही.

व्हिसाबद्दल स्पष्ट बोलते, कारण याबद्दल विक्रेता बोलणार नाही, आणि बोलायची त्याची जबाबदारीही नाही. तुमच्या दोघांच्या पगारांपैकी एक एच-वन-बीवर आणि दुसरा त्या एच-वन-बीवर अवलंबून. नवऱ्याची नोकरी गेली तर नवीन शोधायला साधारण ६० दिवस हातात असतात. त्या ६० दिवसांत तुमच्या बँकेत १४ हजार आहेत की ७ हजार, यावर झोप ठरते. समजा उद्या परत जायचं ठरलं. पॉइंट भाड्याने देऊन मेंटेनन्स निघेल, ते मला फारसं छळत नाही. हप्ता मात्र डॉलरमध्ये चालूच राहील. आणि अनिवासी झाल्यावर विकायला काढलंत तर परदेशी विक्रेत्यांसाठीच्या नियमानुसार विक्रीच्या रकमेतले १५ टक्के आधी कापून घेतले जातात. ते विवरणपत्र भरून परत मागायचे.

विकायची गोष्ट निघालीच आहे तर रिव्हिएराची खास अडचण सांगते. डिस्नेने जानेवारी २०१९ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून जो कोणी रिव्हिएराचे पॉइंट दुसऱ्या मालकाकडून विकत घेतो, त्याला ते फक्त रिव्हिएरातच वापरता येतात. तुम्ही थेट घेतलेत तर तुम्हाला सगळीकडे चालतील, पण तुमच्याकडून घेणाऱ्याला नाही चालणार. साहजिकच पुनर्विक्रीचा भाव थेट भावाच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळतो. नव्या गाडीची किंमत शोरूमबाहेर आल्यावर पडते तशी, फक्त जरा जास्तच.

उलट याच नियमाची चांगली बाजू जुन्या रिसॉर्टांत आहे. २००४ साली उघडलेल्या सॅराटोगा स्प्रिंग्जचे पॉइंट पुनर्विक्रीत १०० डॉलरच्या आसपास मिळतात, करार २०५४ पर्यंत आहे, आणि ते २०१९ च्या नियमाआधीच्या १४ मूळ रिसॉर्टांमध्ये चालतात, अगदी हवाईच्या आउलानीतही. सवलतीचं सभासद कार्ड मिळत नाही, एवढंच. डिस्नेला असे व्यवहार त्याच भावाने स्वतः उचलायचा हक्क असतो, त्यामुळे महिनाभर वाट बघावी लागते आणि कधी सौदा हातचा जातो. पैसे परत येतात, घाबरायचं कारण नाही.

तेव्हा माझं मत: रिव्हिएरा, थेट भावाने, ११ टक्क्यांच्या कर्जावर, तुमच्या या परिस्थितीत, नको. पुढची दोन-तीन वर्षं पॉइंट भाड्याने घेऊन जा. एक जर्सी वीक करून बघा, एक उन्हाळा. धाकटा शाळेत रुळू दे. ऑरलँडोत मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे थीम पार्क उघडलंय. थोरल्याला दोन वर्षांनी मिकीपेक्षा तेच हवंसं वाटलं तर तुम्हीच म्हणाल, बरं झालं सही केली नाही. तीन वर्षांनीही सगळ्यांनाच दरवर्षी डिस्नेला जायचं असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला असेल, तर सॅराटोगाचे शंभर पॉइंट रोखीने घ्या. दहा-अकरा हजारांत काम होईल आणि मी तुम्हाला अडवणार नाही.

विक्रेत्याचे फोन येत राहतील, 'या महिनाअखेरपर्यंतच हा भाव' असंही ऐकायला मिळेल. पुढच्या महिन्यात दुसरी ऑफर असते. आणि हे वाचेपर्यंत सही झालेलीच असेल, तर फ्लोरिडाचा कायदा तुम्हाला दहा दिवस देतो: सही केल्यापासून, किंवा शेवटचा कागद हातात पडला त्या दिवसापासून, यातलं जे नंतरचं असेल ते. हा हक्क तुमच्याकडून लिहून घेऊनही कोणी काढून घेऊ शकत नाही. रद्द करण्याचं पत्र कुठे पाठवायचं ते करारातच छापलेलं असतं. फोनवर सांगून भागवू नका, लेखी पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

नवऱ्याला सांगा, तुझं कारण चुकलं, उत्तर बरोबर आलं.