बर्थचं (बंदरात जहाज लावायच्या जागेचं) वेळापत्रक आखताना कोणत्या उद्दिष्टाला किती वजन द्यावं?

जहाजांचा खोळंबा, इंधन आणि बर्थचा वापर हे तिन्ही एका सूत्रात बसवायचे तर वजनं किती ठेवायची, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, वजनांपासून सुरुवातच करू नका. आधी कोणती उद्दिष्टं खरोखर एकमेकांच्या आड येतात ते तपासा.

समजा बर्थ एकच आहे. मोठं जहाज सकाळी 6 ला येणार, त्याचं काम 20 तासांचं. छोटं 7 ला, काम 4 तासांचं. आधी येईल त्याला आधी जागा दिली तर छोटं 19 तास नांगर टाकून बसतं. छोट्याला आधी घेतलं तर बर्थ तासभर रिकामा राहतो आणि मोठ्याचे 5 तास जातात. हे उघडच बरं वाटतं. पण मोठ्याचा एक तास छोट्याच्या चार तासांइतका महाग धरला की हिशेब 20 विरुद्ध 19 होतो आणि पारडं फिरतं! सगळा निकाल 3.8 या गुणोत्तरावर अडकलेला, आणि ते छातीठोकपणे सांगणारा कुणी नसतो. त्यात मोठ्याला आत यायला भरती लागत असेल तर 5 तासांचे आणखी किती होतील ते वेगळंच.

आता मोठं जहाज 45 तासांवर असतानाच त्याला '11 ला या' असं कळवलं तर? वेग 10 टक्के कमी केला की ते बरोबर 50 तासांत पोचतं. ताशी खप साधारण वेगाच्या घनानुसार बदलतो, त्यामुळे तेवढ्याच अंतराला इंधन सुमारे 19 टक्के कमी लागतं. नांगरावरचा खोळंबाही गेला. (भाडेकरारात पोचल्या क्षणापासून माल चढवण्या-उतरवण्याच्या मुदतीचं घड्याळ चालू होत असेल तर कप्तान वेग कमी करणार नाही, ती अट आधी सोडवा.)

मोठं जहाज 5 तास उशिरा सुटणार, हा झगडा मात्र खरा आहे. अशा ठिकाणी एकूण खोळंबा कमीत कमी करा आणि 'कुठलंही जहाज इतक्या तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार नाही' अशी मर्यादा घाला. मर्यादा थोडी थोडी सैल करत पुन्हा सोडवा आणि निघालेले पर्याय नियोजकापुढे ठेवा. उद्दिष्टांना वजनं लावून एकच बेरीज केली तर यातले काही चांगले मधले पर्याय वजनं कितीही बदलली तरी हाती लागत नाहीत.

तुमच्या यादीत आराखड्याची स्थिरता नाही, ती जरूर घ्या. ऐनवेळी बर्थ बदलला की त्याच्याजवळ रचून ठेवलेले निर्यातीचे कंटेनर यार्डभर (कंटेनर साठवायच्या आवारभर) ओढत न्यावे लागतात, जहाजाला वाट दाखवणारा पायलट आणि ते ओढणाऱ्या टग बोटी पुन्हा ठरवाव्या लागतात. शिवाय एकाच रुळांवरच्या क्रेन एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे त्यांची वाटणीही पुन्हा करावी लागते. म्हणून पहिल्या काही तासांचा आराखडा गोठवा आणि त्यापुढच्या प्रत्येक बदलाला सूत्रात दंड लावा.