माँ ब्लाँला निघालात? आधी रात्री मोजा

दादा, तुम्ही मिरजेहून तिघं जाणार, जुलैत टूर द्यू माँ ब्लाँ (माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी पायवाट), जिनिव्हाला उतरणार, ट्रेक संपला की चार रात्री इंटरलाकेन, आणि प्रश्न बुटांचा. बूट कुठलेही घ्या. पुढे बोटभर जागा हवी, आणि निघायच्या आधी भरपूर वापरून झालेले हवेत. घोडं अडतं ते व्हिसाला, आणि त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही, म्हणून हे लांबण.

ही वाट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. तिन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा चालवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तेव्हा व्हिसा एकच. पण अर्ज कुणाकडे? नियम सरळ आहे: जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे पडले, तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. विमान कुठे उतरतं हा मुद्दा त्यानंतरचा. आम्ही साताऱ्याहून गेलो तेव्हा पुण्यातल्या एका प्रवास कार्यालयाने छातीठोकपणे सांगितलं, "जिनिव्हा म्हणजे स्वित्झर्लंड, विषय संपला." मुक्कामांची यादी त्यांच्याच टेबलावर होती. लेस हूशला सुरुवातीची रात्र, मग ले काँतामीन, बोनोम खिंडीजवळचा रेफ्यूज (डोंगरातलं मुक्कामाचं घर), इटलीत तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये तीन, परत फ्रान्समध्ये आणखी तीन. म्हणजे फ्रान्स सहा. पहिलीतलं पोरही सांगेल. व्हिसा केंद्रात स्विस अर्ज द्यायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी त्या यादीवर पेन फिरवलं, ओठ हलवत मोजलं आणि फाइल परत सरकवली. फ्रान्सच्या अर्जासाठी भेटीची तारीख शोधायला गेलो तर मिळत होती ती आमच्या विमानानंतरची. रोज पहाटे उठून कुणाची तरी रद्द झालेली तारीख पकडायची, मुंबईला हेलपाटे, आणि तोवर रेफ्यूजचे भरलेले आगाऊ पैसे बुडत चाललेले. ग्रुपमधलं एक जोडपं शेवटी मागेच राहिलं. त्या कार्यालयाने कानावर हात ठेवले, वर 'सेवाशुल्क परत मिळत नाही' म्हणून ऐकवलं! जाऊ दे. आजही रक्त उसळतं.

आता तुमचं बघा. हाच आराखडा धरला आणि वर इंटरलाकेनच्या चार रात्री टाकल्या, तर स्वित्झर्लंड सात, फ्रान्स सहा. म्हणजे तुमचा अर्ज स्विसच होईल. पण फ्रान्समधल्या शामोनीला विश्रांतीचा एक दिवस वाढवलात की बरोबरी, दोन वाढवलेत की फ्रान्स. म्हणून आधी कागदावर रात्री पक्क्या करा, मग तारीख घ्या. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा जुलैसाठी जानेवारीतच हलायला लागा. आणि रेफ्यूजच्या प्रत्येक पावतीवर तिघांचीही नावं मागून घ्या. एकाच्या नावावर तीन खाटा असल्या की काउंटरवर प्रश्न सुरू होतात. (मी एजंट नाही. नियम बदलतात, तेव्हा दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. कुणी सांगितलं म्हणून नको, मी सांगितलं म्हणूनही नको.)

विम्याचंही तेच. व्हिसाला किमान तीस हजार युरोचं कवच लागतं, ते पुष्कळ प्रवास पॉलिसी देतात. पण बारीक अक्षरातली वगळणूक वाचा. पुष्कळ पॉलिसींत ट्रेकिंग 'साहसी खेळ' म्हणून बाहेर असतं, आणि हेलिकॉप्टरने उचलून न्यायची वेळ आली तर बिल तुमच्या नावावर.

रेफ्यूज भरलेले दिसले म्हणून हातपाय गाळू नका. इटलीत बोनात्ती रेफ्यूज मिळालं नाही तर कूरमायर गावात राहून सकाळी व्हाल फेरे खोऱ्याची बस धरा. 'सगळं चालूनच' हा हट्ट मला तरी पटत नाही. सामायिक खोलीत झोपायला स्वतःची पातळ आतली चादर लागते, बूट दारातच काढायचे, जेवण ठरलेल्या वेळी आणि सगळ्यांना एकच. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, ताटावर बसून सांगून उपयोग नाही. रोख युरो आणि थोडे फ्रँक जवळ ठेवा.

सरावाबद्दल माझं मत जरा कडू आहे. वासोटा केलाय म्हणून हे होईल, असं समजू नका. एकूण अंतर १७० किलोमीटरच्या आसपास, चढ दहा हजार मीटर, म्हणजे अकरा दिवसांत रोज सरासरी नऊशे चढायचं आणि तेवढंच उतरायचं, तेही दुसऱ्या दिवशी पुन्हा. सांगली-मिरजेला सपाटी, तेव्हा दंडोबावर समाधान न मानता शनिवार-रविवार मुक्कामाला साताऱ्याला या. पाठीवर आठ किलो घेऊन अजिंक्यतारा सलग तीनदा चढा-उतरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सज्जनगड. दम टिकतो हो, गुडघे बोलतात, आणि बोलतात ते उतारावर. काठ्या दोन घ्या, एक नको.

जुलैच्या सुरुवातीला उंच खिंडींत बर्फ राहिलेला असू शकतो. दुपारनंतर विजा कडाडतात, म्हणून ग्राँ कोल फेरेसारखी (२,५३७ मीटर) खिंड दुपारच्या आत पार करा. हवा बिघडली तर स्वित्झर्लंडमधल्या फनेत्र दार्पेत या उंच खिंडीच्या नादी न लागता बोव्हीनची खालची वाट धरा.

खाऊ म्हणून कंदी पेढे नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दूध-मांसाचे पदार्थ सोबत आणायला तिकडे प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर पेटी उघडली तर सगळे कचऱ्यात. शेंगदाण्याची चटणी न्या, आणि वाटतं त्याच्या दुप्पट न्या. आमची इटलीतच संपली, कारण शेजारच्या टेबलावरचे फ्रेंच म्हातारे पावाला लावून मागून मागून खात होते.