नास्तिकता, श्रद्धा आणि कॉन्स्पिरसी थिअरी या विषयांवरची कोणती ऑडिओबुक्स ऐकावीत? ऐकून मत बदलतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. या विषयांवर प्रवासात ऐकण्यासारखं काय आहे, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक कटाच्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या तुमच्या काकांना त्यातलं काही ऐकवावं का. मी बरीच वर्षं लोकलमध्ये आणि स्वयंपाक करताना अशी पुस्तकं ऐकत आले आहे आणि त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे: यातली काही पुस्तकं ऐकण्याची आहेत, काही समोर धरून वाचण्याचीच आहेत. निवड चुकली तर चांगल्या पुस्तकाचाही उलटा परिणाम होतो.

छापील पानावर लेखक खोडून काढण्यासाठी एखादा खोटा दावा मांडतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं असतात, खाली टीप असते, आणि शंका आली तर आपण दोन ओळी मागे जातो. कानाला अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. निवेदक त्याच स्वच्छ, भारदस्त आवाजात आधी दावा वाचतो आणि मग त्याचं खंडन. मधेच कुकरची शिट्टी झाली किंवा ठाण्याची गर्दी चढली, की दावा लक्षात राहतो आणि खंडन निसटतं. १९७७ साली मानसशास्त्रज्ञ लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काही आठवड्यांच्या अंतराने त्यांच्यासमोर विधानं ठेवली. काही नवी, काही पुन्हा पुन्हा येणारी. पुन्हा आलेली विधानं खरी असोत वा खोटी, ती अधिकाधिक खरी वाटू लागली. एखाद्या थापेचं दहा मिनिटं तपशीलवार वर्णन करून मग अर्ध्या मिनिटात ती फेटाळणारं पुस्तक ऐकणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

एकच ऐकणार असाल तर खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं ‘द डीमन-हॉन्टेड वर्ल्ड’ ऐका. पुस्तक १९९५चं. सेगन पुढच्याच वर्षी गेले, त्यामुळे आवाज त्यांचा नाही. बहुतेक भाग कॅरी एल्विस या अभिनेत्याने वाचला आहे आणि मनापासून वाचला आहे. सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. विमानतळावर न्यायला आलेला ड्रायव्हर सेगन यांना ओळखतो आणि विचारत सुटतो. गोठवून ठेवलेले परग्रहवासी, स्फटिकांची शक्ती, नॉस्ट्रॅडेमस, बुडालेलं अटलांटिस. सेगन प्रत्येक वेळी सांगतात की याला पुरावा नाही. हळूहळू तो माणूस खिन्न होत जातो, आणि सेगन यांच्या लक्षात येतं की आपण नुसती एक चुकीची समजूत नाकारत नाही आहोत, त्याच्या मनातली एक मोलाची जागा नाकारतो आहोत. तो माणूस हुशार आहे, त्याला कुतूहल आहे, वाचनही आहे. फक्त खरं विज्ञान त्याच्यापर्यंत कुणी पोचू दिलं नव्हतं.

सगळं पुस्तक याच जाणिवेने लिहिलेलं आहे. ‘आम्ही शहाणे, ते मूर्ख’ या संशयवाद्यांच्या वृत्तीवरही सेगन स्पष्ट टीका करतात. त्यातला गॅरेजमधला ड्रॅगन तर ऐकायलाच हवा. ड्रॅगन आहे, पण अदृश्य आहे. पायांचे ठसे उमटतील म्हणून जमिनीवर पीठ पसरावं, तर तो हवेत तरंगतो. उष्णता मोजावी, तर त्याची आग गरम नसते. प्रत्येक चाचणीला एक सबब तयार. मग असा ड्रॅगन असणं आणि ड्रॅगनच नसणं यात फरक काय उरला? हे सगळं दोन माणसांच्या बोलण्याच्या वळणाने येतं, म्हणून ऐकताना एकही पायरी चुकत नाही.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचं ‘द गॉड डिल्यूजन’ (२००६) स्वतः डॉकिन्स आणि अभिनेत्री लाला वॉर्ड आळीपाळीने वाचतात. दुसऱ्या कुणाचा उतारा आला की बहुतेक वेळा आवाज बदलतो, त्यामुळे कोण बोलतंय याचा घोळ होत नाही. वर मांडलेल्या अडचणीवर इतका साधा उपाय आहे, आणि तो फार कमी प्रकाशक वापरतात याची मला खंत वाटते. तरीही देवाच्या अस्तित्वाच्या युक्तिवादांचं प्रकरण, मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसच्या सिद्धता वगैरे, तुम्ही छापील प्रतीतच वाचा. तिथे हातात पेन्सिल हवी. शिवाय डॉकिन्स यांचा सगळा रोख एका विशिष्ट देवावर आहे, ज्यू-ख्रिस्ती-इस्लामी परंपरेतल्या एकमेव निर्मात्यावर. आपल्या घरांतली श्रद्धा, म्हणजे कुलदैवत, नवस, वारी, आणि त्याच घरात कुणीतरी मांडत असलेला निर्गुणाचा विचार, हिला ते जवळजवळ स्पर्श करत नाहीत. पुस्तक संपल्यावर मराठी श्रोत्याचे निम्मे प्रश्न जागेवरच राहतात.

पत्रकार क्रिस्टोफर हिचन्स यांनी नास्तिकतेवरचं आपलं ‘गॉड इज नॉट ग्रेट’ स्वतः वाचलं आहे. भाषा अप्रतिम आहे, पण वाक्याच्या शेवटी आवाज इतका खाली जातो की लोकलमध्ये काही हाती लागत नाही. ते घरी, शांततेत ऐका.

आता भगतसिंगांविषयी. ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध त्यांनी ऑक्टोबर १९३०मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला. त्याच महिन्याच्या ७ तारखेला त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. निबंध लाहोरच्या ‘द पीपल’मध्ये छापून आला तो २७ सप्टेंबर १९३१ला, म्हणजे ते गेल्यानंतर सहा महिन्यांनी. सुरुवातच एका आरोपाला दिलेल्या उत्तराने होते: तुझी नास्तिकता हा तुझा अहंकार आहे. तेवीस वर्षांचा मुलगा हा आरोप गंभीरपणे घेतो, स्वतःला उलटसुलट तपासतो, मग उत्तर देतो. श्रद्धेने संकटं सुसह्य होतात हे तो मोकळेपणाने मान्य करतो. आस्तिकाला पुनर्जन्माची, स्वर्गाची आशा असते. आपल्या गळ्यात दोर पडेल आणि पायाखालची फळी सरकेल तो क्षण मात्र शेवटचा, त्यानंतर काही नाही, हेही तो त्याच स्थिर स्वरात लिहितो. श्रद्धेच्या बाजूचं बळ एवढ्या उमदेपणाने मान्य करणारं नास्तिक लेखन मी दुसरं ऐकलेलं नाही. या विषयात कुणी पहिलं पाऊल टाकत असेल तर मी आधी हाच निबंध सुचवते.

यूट्यूबवर याची हिंदी-मराठी वाचनं बरीच आहेत. मागे करुण संगीत आणि निवेदकाचा कापरा आवाज असेल तर ते लगेच बंद करा. ज्या माणसाने स्वतःच्या मृत्यूबद्दल लिहितानाही रडका सूर लावला नाही, त्याच्या शब्दांवर व्हायोलिन चढवणं मला अन्याय वाटतो. साध्या आवाजात, विरामचिन्हं पाळून वाचलेलं शोधा.

मराठीत याच पंगतीतलं म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भाषणं. ती ऑडिओबुक नाहीत, पण माझ्या मते कित्येक ऑडिओबुकांपेक्षा सरस आहेत, कारण ती मुळातच कानांसाठी घडलेली आहेत. डॉ. श्रीराम लागू आणि दाभोलकर गावोगावी ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ हा कार्यक्रम करत. लागू म्हणायचे, परमेश्वराला रिटायर करा. त्याच व्यासपीठावर दाभोलकर म्हणायचे, आमची समिती देव-धर्माच्या विरोधात नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाच्या विरोधात आहे. दोन सहकारी लोकांसमोर आपला मतभेद उघड मांडतात आणि तरी एकत्र काम करतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. पाश्चात्त्य नास्तिकांच्या ध्वनिफितींमध्ये ही जागा मला क्वचितच सापडते. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर, त्याच वर्षी आला. त्यांची भाषणं ऐकताना हे मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

कॉन्स्पिरसी थिअरींबद्दल एक गैरसमज आधी दूर करते. देव मानत नाही तो माणूस यांतून आपोआप सुटतो, असं बरेच जण धरून चालतात. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी याच्या नेमकं उलट मांडलं होतं. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात ट्रॉयच्या युद्धात जे घडतं ते देवांच्या कारस्थानांचं फळ असतं. पुढे देव गेले, पण त्यांचं आसन राहिलं. मग लोक विचारू लागले, आता तिथे कोण बसलंय? आणि त्या आसनावर गुप्त मंडळं, भांडवलदार, कुठला तरी बदनाम केलेला समाज असे एकेक बसवले गेले. जे घडतं ते कुणीतरी घडवून आणलेलंच असतं, ही खात्री दोन्हीकडे सारखीच. माझ्या ओळखीतले काही कट्टर नास्तिक लसीबद्दलच्या अफवा त्याच भक्तिभावाने पुढे पाठवत होते.

या भागात दोन पुस्तकं जरूर ऐका. पत्रकार जॉन रॉन्सन यांचं ‘देम’ (२००१) त्यांच्याच आवाजात आहे. कटाच्या गोष्टी पसरवणारा अमेरिकी रेडिओ निवेदक ॲलेक्स जोन्स आणि रॉन्सन असे दोघे २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोहेमियन ग्रोव्ह या बड्या लोकांच्या शिबिरात शिरले. घुबडाच्या प्रचंड मूर्तीसमोरचा तोच अग्निविधी दोघांनी पाहिला. एकाला त्यात सैतानी बळी दिसला, दुसऱ्याला वय झालेल्या श्रीमंतांचा पोरकट खेळ. पुरावा एकच, डोळे दोन माणसांचे. दुसरं नेओमी क्लाइन यांचं ‘डॉपलगँगर’ (२०२३), तेही लेखिकेनेच वाचलेलं. लोक त्यांची गल्लत सतत नेओमी वुल्फ या दुसऱ्या लेखिकेशी करतात, आणि वुल्फ कटांच्या दुनियेत खोल गेलेल्या. क्लाइन यांचा मुद्दा असा की अशा लोकांची माहिती चुकीची असते, पण भावना पुष्कळदा रास्त असते. लसीच्या ॲपमधून पाळत ठेवली जाते ही अफवा. आपल्या खिशातल्या फोनवरून कंपन्या आपली माहिती गोळा करतात हे वास्तव.

‘कट कधी नसतातच’ असा सूर लावणारं पुस्तक मी अर्ध्यावर सोडते. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून, उपचार न देता, आजार कसा वाढतो ते पाहिलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही. ज्यांच्या समाजाने हे सोसलं त्यांना सरकारी डॉक्टरवर संशय आला तर त्यांना अडाणी कसं म्हणायचं? आपल्याकडे नेताजींचं प्रकरण घ्या. त्यांचा मृत्यू ज्यात झाला असं सांगितलं जातं तो १८ ऑगस्ट १९४५चा तैहोकूचा (आजच्या तैपेईचा) विमान अपघात शाहनवाज समितीने आणि खोसला आयोगाने मान्य केला, मुखर्जी आयोगाने नाकारला, आणि २००६मध्ये सरकारने मुखर्जी अहवाल फेटाळला. फायली दशकानुदशकं बंद राहिल्या. अपघाताच्या बाजूचा पुरावा मला भक्कम वाटतो, पण संशय वाढवला तो त्या बंद फायलींनी. या अहवालांतले उतारे वेगवेगळ्या आवाजांत वाचून, पुरावा तोलून दाखवणारं एखादं मराठी ऑडिओबुक कुणीतरी करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता काकांचं. त्यांना लिंक पाठवू नका. पाठवलेली लिंक म्हणजे ‘तुम्ही चुकताय’ असा निरोप, आणि वडील माणूस तो पहिल्या मिनिटाला ओळखतो. त्यांना एखादा दावा निवडू द्या आणि विचारा, ‘काका, काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की हे खोटं आहे?’ स्वतःही त्याच प्रश्नाचं उत्तर द्या. २१ सप्टेंबर १९९५चा दिवस त्यांना नक्की आठवत असेल. त्या दिवशी गणपती दूध पितो म्हणून देवळांबाहेर रांगा लागलेल्या. त्या वेळी दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध मूर्तीला लावलं आणि ते पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना सगळ्यांना दिसलं. वाद न घालता हे घरी चमचाभर दुधाने करून पाहता येतं. त्यानंतर त्यांची इच्छा असेल तर भगतसिंगांचा निबंध दोघांनी मिळून ऐका, मधे मधे थांबवून. काकांचा आक्षेप आला की पुढे ढकलू नका, तिथेच बोला, नाहीतर पुढचा अर्धा तास ते ऐकत नसतात, उत्तर जुळवत असतात.