पाचशे खोडे आणि थिजलेला संगणक

प्रश्न : आमच्या केळीबागेचे त्रिमितीय दृश्य मी ब्लेंडर ह्या संगणकप्रणालीत उभे करीत आहे. एक खोड उत्तम जमले. परंतु त्याच्या प्रती पाचशेवर गेल्या, की संगणक थिजतो. नवा घ्यावा काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : एवढ्यात घेऊ नये. प्रती काढताना आपण बहुधा शिफ्ट आणि डी ह्या कळा दाबत असाल. त्यामुळे प्रत्येक प्रतीबरोबर खोडाचा आकार घडवणाऱ्या लहान सपाट पृष्ठांची संपूर्ण जाळी नव्याने साठवली जाते, म्हणजे २०,००० पृष्ठांचे एक खोड ५०० वेळा मांडले, की १ कोटी पृष्ठांचा भार मेमरीवर पडतो. त्याऐवजी ऑल्ट आणि डी वापरल्यास सर्व प्रती एकाच जाळीवर चालतात. मात्र मूळ जाळीत एक पान फाटके केले, की ते साऱ्या बागेत त्याच जागी फाटते, आणि असा वारा आपल्याकडे तरी वाहत नाही! म्हणून तीन-चार निरनिराळी खोडे घडवून त्यांच्या अशा प्रती मिसळाव्यात व प्रत्येक प्रत थोडी फिरवून लहानमोठी करावी. तेवढ्याने जाळी वेगळी होत नाही. काम करताना दूरच्या ओळी नुसत्या चौकटींच्या रूपात दाखवाव्यात, अंतिम चित्रात त्या पूर्ण उमटतात.