चर्चच्या बातम्या लिहायला घेतल्या ना भाऊ, मग एवढं ध्यानात ठेव

घाबरू नको, सुरुवातीले तीन-चारच शब्द पक्के कर.

मंडळी म्हणजे बिल्डिंग नाही, तिथं जमणारे लोक. 'जुनी मंडळी पाडून नवीन बांधणार' असं छापलेलं वाचलंय मी, हसावं का रडावं समजत नाही.

पाळक म्हणजे पास्टर, प्रोटेस्टंट मंडळीचे, लग्न करू शकतात, बहुतेकदा बायको-पोरांसकट क्वार्टरमध्येच राहतात. फादर कॅथलिकांचे, ते लग्न करत नाहीत. नवीन पोरं हमखास इथंच चुकतात, पाळकाच्या दारात उभं राहून 'फादर आहेत का' विचारतात आन आतून त्यांची मिसेस बाहेर येते.

सिस्टर म्हटलं की लगेच नन समजू नको, मंडळीत कोणत्याही बाईले सिस्टर म्हणतात.

बिशप म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चचे प्रमुख, ते कॅथलिक आन प्रोटेस्टंट दोन्हीकडं असतात बरं. नागपूरला कॅथलिकांचे आर्चबिशप (म्हणजे वरच्या दर्जाचे बिशप) वेगळे, प्रोटेस्टंटांच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे बिशप वेगळे. हे चर्च म्हणजे बिल्डिंग नाही, संघटना; १९७० साली नागपुरातच अशा सहा चर्च-संघटना एकत्र येऊन झाली. दोघंही नागपूरचेच, म्हणून नुसतं 'नागपूरचे बिशप' लिहू नको, कोणाचे ते लिही.

डिकन (चर्चमधलं एक पद), सिनड (चर्चची मोठी सभा) वगैरे शब्द सध्या राहू दे. गेटवरची पाटी वाच, आन काय म्हणू तुम्हाले हे सरळ विचारून घे, कोणी रागावत नाही.