बाख ऐकायला सुरुवात कशी करावी? आधी संगीतशास्त्र शिकावं लागतं का?

नाही, शिकावं लागत नाही. हे आधीच ठणकावून सांगते. तुम्ही लिहिलंय, मित्र म्हणतो की फ्यूग (एकच छोटा तुकडा वेगवेगळ्या ओळींत एकामागून एक येऊन गुंफला जातो ती रचना) उलगडता येत नसेल तर बाख, म्हणजे अठराव्या शतकातला तो जर्मन संगीतकार, ऐकण्यात अर्थ नाही. हे वाक्य मी वयाच्या १९व्या वर्षी ऐकलंय आणि त्यापायी ११ वर्षं घालवली आहेत.

सांगणारा माझा आतेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. रीतसर पियानो शिकलेला, वाचनही दांडगं. एका रविवारी त्यानं आम्हा चार-पाच जणांना बसवून बाखचं 'आर्ट ऑफ फ्यूग', म्हणजे त्याच्या फ्यूगांचा संच, लावलं. स्वतःच्या मांडीवर नोटेशनचं पुस्तक. पहिला फ्यूग संपल्यावर त्यानं रेकॉर्ड थांबवली आणि मला विचारलं, "सुरुवातीला एकटा आलेला तो तुकडा पुढे किती वेळा आला?" मी म्हटलं, पाच. चूक. परत लावलं, परत विचारलं, परत चूक. मग सगळ्यांकडे बघून तो म्हणाला, "हिला सूर कळतात, संगीत कळत नाही."

मी तेव्हा गाणं शिकत होते. ते वाक्य किती खोल गेलं असेल, बघा. पुढे कुठेही बाख लागला की मी खोलीतून उठून जायची.

नवख्या माणसापुढे पहिल्यांदा 'आर्ट ऑफ फ्यूग' लावणं हा दुष्टपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती रचना कोणत्या वाद्यासाठी आहे हेसुद्धा बाखनं लिहून ठेवलेलं नाही, आणि तिचा शेवटचा फ्यूग अर्धवटच राहिलाय. थोर आहेच ती, पण उंबरठ्यावर ठेवायची चीज नव्हे.

मग तिसाव्या वर्षी पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. एका मैत्रिणीनं बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'ची (एक मूळ तुकडा आणि त्यावर रचलेली ३० वेगवेगळी रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स) दोन रेकॉर्डिंग आणून दिली, एक हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या, तारा छेडणाऱ्या वाद्यावरचं आणि एक पियानोवरचं. हार्प्सिकॉर्डचा आवाज तेव्हा कानाला टोचला, म्हणून पियानो. सुरुवातीला एक संथ आरिया (गाण्यासारखा मूळ तुकडा) आहे, तीन मात्रांच्या चालीतली. चार रात्री मी तीच ऐकत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. कान सारखा वरच्या ओळीमागे धावायचा. ती ओळ मुरक्या-खटक्यांनी इतकी भरलेली आहे की धरायला जावं तर निसटते.

पाचव्या रात्री हेडफोनचा उजवा कान बंद पडला. त्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे सूर डावीकडून जास्त येत होते, त्यामुळे वरची नक्षी लांब गेली आणि खालचं जोतं उघडं पडलं. मी नकळत त्याच्याबरोबर गुणगुणायला लागले. सा. तीन मात्रा. नि. तीन मात्रा. ध. प. मग खाली उडी मारून ग, म, प आणि सा. बस, एवढंच. आठ सूर, सगळे शुद्ध, कोणीही पहिल्या महिन्यात म्हणेल असे. पुन्हा लावलं, पुन्हा म्हटलं. मग आरिया संपून पहिलं व्हेरिएशन उसळत आलं, त्याची चाल पूर्ण वेगळी, आणि त्या सगळ्या धावपळीच्या तळाशी तेच: सा नि ध प. अंगावर काटा आला. आरियाची वरची चाल ३० व्हेरिएशन्समध्ये बाख पुन्हा वापरतच नाही. तो धरून राहतो ती ही खालची वाट, ३२ मापांची (एक माप म्हणजे इथे तीन मात्रा), आणि तिच्यावर ३० वेगवेगळी घरं बांधतो.

आपण गाणं म्हणजे वरची चाल समजतो, आणि बाखमध्ये तीच शोधत बसतो. त्याच्याकडे एकाच वेळी दोन-तीन-चार ओळी चाललेल्या असतात, प्रत्येक स्वतंत्र. सगळ्या एकदम धरायच्या नसतात. एक धरा, खालची धरा, बाकीच्या आपोआप तिच्यावर टेकतात. दर तिसरं व्हेरिएशन कॅनन आहे, म्हणजे एक ओळ दुसरीच्या पावलावर पाऊल ठेवून येते (अपवाद शेवटच्या तिसाव्याचा, तिथे लोकगीतांचे तुकडे गुंफलेत). हे मला खूप नंतर कळलं. आधी कळलं नव्हतं म्हणून काही अडलंही नाही.

प्लास्टर निघायच्या आत दादा भेटायला आला. मी उत्साहानं त्याला ते आठ सूर म्हणून दाखवले. तो म्हणाला, "हे ऐकणं नव्हे, हे गुणगुणणं झालं."

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता आहे. १७४१ साली 'गोल्डबर्ग' छापलं गेलं, तेव्हा मुखपृष्ठावर बाखनं लिहिलं की हे रसिकांच्या मनाच्या विरंगुळ्यासाठी केलेलं आहे. त्याचा जर्मन शब्द 'लीबहाबर', म्हणजे ज्याला आवडतं तो. दादा यावर बाखचाच १७३९चा ऑर्गनच्या रचनांचा खंड काढतो, कारण तिथे 'रसिकांसाठी, आणि विशेषतः जाणकारांसाठी' असं आहे. बरोबर आहे. पण दोन वर्षांनी आलेल्या 'गोल्डबर्ग'वर जाणकारांचा उल्लेख नाही, फक्त रसिक आहेत. आणि गुणगुणण्याचंच म्हणाल तर ग्लेन गुल्ड या प्रसिद्ध पियानोवादकानं ही रचना १९५५ आणि १९८१ साली स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली, त्यात पियानोच्या मागे त्याचं स्वतःचं गुणगुणणं ऐकू येतं. त्याला कोणी सांगावं, की बाबा, तू ऐकत नाहीस?

तर सुरुवात या आरियापासून करा. गुल्डचं १९८१चं घ्या, त्यात ती खूप संथ आहे, खालचा सूर सहज सापडतो. १९५५चं नंतर; ते जेमतेम ३८ मिनिटांत संपतं आणि नवख्याला धाप लागते. आठवडाभर फक्त आरिया आणि पहिली दोन-तीन व्हेरिएशन्स. कंटाळा आला तर बंद करा, त्यात पाप नाही.

आता एक कबूल करायला हवं. माझ्या कानाला सरगमची सवय होती, म्हणून ते आठ सूर मला नावानिशी सापडले. तुम्हाला नावं येत नसतील तर नुसतं बोटानं तीन-तीन मात्रा मोजा आणि दर वेळी खालचा सूर कुठे बदलतो ते बघा. थोडा जास्त वेळ लागेल. शिवाय हे सगळं वाद्यांच्या रचनांपुरतं. कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना) आणि पॅशन (येशूच्या अखेरच्या यातनांची गायलेली कथा) या रचना त्यांतल्या शब्दांवरच उभ्या आहेत, तिथे भाषांतर समोर ठेवल्याशिवाय बसू नका. फ्यूगबद्दल दादालाच विचारावं लागेल. त्यात तो खरंच माझ्यापेक्षा पुढे आहे.

आणि पंचविसावं व्हेरिएशन घाईनं ऐकू नका. तिथे तोच सा ते प हा उतार येतो, पण यावेळी मधली एकही अर्धी पायरी न गाळता, अतिशय सावकाश. साधा उतार आधी अंगात मुरलेला असेल तरच तिथे काय झालंय ते कळतं. मला ते कळलं तेव्हा प्लास्टर निघून महिना झाला होता, आणि मी आरिया सोडून पुढे जायला उगीच घाई केली नव्हती, याचं फार बरं वाटलं.