निर्वासित, शरणार्थी की स्थलांतरित?

मिरजेच्या एका शिक्षिकेंनी विचारलंय : शाळेच्या भित्तिपत्रकावर मुलांनी ‘भूमध्य समुद्रात निर्वासितांची बोट उलटली’ असं लिहिलं. एक सहकारी म्हणतात ‘शरणार्थी’ हवं, दुसरे म्हणतात ‘स्थलांतरित’. बरोबर काय?

‘स्थलांतरित’ म्हटलं की आपल्या भागात डोळ्यांपुढे येते ती दसऱ्यानंतर बीडकडून वाळवा-कराडच्या फडात उतरणारी ऊसतोड टोळी. ती पोटासाठी येते आणि कारखान्याचा पट्टा पडला की गाडी भरून घरी जाते. सीरियातून बाँबफेकीत निघालेल्या कुटुंबाला परतीची ही वाटच नसते. त्यामुळे युद्धाला भिऊन पळालेल्यांसाठी हा शब्द फार सौम्य होतो.

‘निर्वासित’चा मूळ अर्थ हाकलून दिलेला, हद्दपार केलेला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली तेव्हा तो आपल्या तोंडी बसला, आणि हाकललेला व पळून आलेला हा फरक पुसला गेला. दोन्ही अर्थ एकाच माणसाला लागू पडल्याचं उदाहरण हवं असेल तर सांगलीहून फार लांब जायला नको. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश लोकांची छावणी होती, सुमारे पाच हजारांची. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून सुटल्यावर १९४२ मध्ये खच्चून भरलेल्या जहाजांतून कॅस्पियन समुद्र ओलांडून ते इराणला पोचले आणि मग इकडे आले. पुढे त्याच छावणीच्या जागी सिंधी निर्वासित वसले. तेच आजचं गांधीनगर. कापड घ्यायला तिथं जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

‘शरणार्थी’ आपल्याकडे रुळला तो मुख्यतः हिंदीतून. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लोंढे आले तेव्हा पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असं छापलेलं होतं. शब्द चुकीचा नाही, पण मराठी कानाला ‘शरण’मध्ये हार मानल्याचा वास येतो, आपल्याकडे दरोडेखोर पोलिसांना शरण येतो. ज्याने आसरा मागणारा अर्ज केलाय आणि निकाल लागायचाय, त्याला मी ‘आश्रयार्थी’ म्हणेन. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांवरून छळाची रास्त भीती असलेल्यालाच निर्वासिताचा दर्जा मिळतो. ते ठरवायचं काम जमिनीवरचं, कागदपत्रं बघून.

पाण्यावर मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. संकटातल्या माणसाला वाचवणं हे सागरी कायद्याने जहाजाच्या कप्तानावर बंधनकारक आहे, मग तो कोणत्याही देशाचा, कसल्याही कागदाचा असो. ३ ऑक्टोबर २०१३ ला लाम्पेदुझा बेटाजवळ बोट बुडून साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर इटलीच्या नौदलाने ‘मारे नोस्ट्रुम’ ही बचाव मोहीम वर्षभर चालवली. मोहिमेत सापडलेल्या बोटींत युद्धातून पळालेले होते तसे कामाच्या शोधात निघालेलेही, आणि जवान दोघांनाही वर ओढत होते.

तेव्हा बाई, बोटीत कोण होतं ते बातमीत दिलेलं असेल आणि ते सीरियाचे, सुदानचे युद्धग्रस्त असतील, तर मुलांचं ‘निर्वासितांची बोट’ बेलाशक ठेवा. तसं दिलेलं नसेल तर ‘माणसांनी भरलेली बोट उलटली’ एवढंच लिहायला सांगा. आणि खाली ‘सुटका केली’ असं असेल तर तेवढं बदला : सुटका कैदेतून होते, बुडणाऱ्याला वाचवतात.